धक्का-स्टार्ट विज्ञानगाडी

किस्से कोणी मुद्दाम जमवत नाही. ते आमच्या घरातल्या चपलांच्या रॅकखालच्या धुळीसारखे असतात. रोज झाडलं तरी शनिवारी वाकून पाहावं तर मूठभर निघतातच. आमच्या ऑफिसात चहाचा पहिला घोट घशाखाली उतरायच्या आत कोणीतरी म्हणतंच, "रानीनं काल काय केलं, ऐकलं का?"

रानी म्हणजे आमचा ट्रक. जुना, बुटका, मागे पत्र्याची मोठी पेटी. पेटीत सहा मायक्रोस्कोप, एक टीव्ही, दोन पंखे. चंदीगडच्या सेक्टर ३९ मधल्या आमच्या सरकारी संशोधन संस्थेचा हा ट्रक आसपासच्या गावांतल्या शाळांत जातो आणि पोरांना कांद्याची साल दाखवतो.

म्हणजे साल मी दाखवते. गेल्या मे महिन्यात लग्न होऊन बार्शीहून इथं आले. नवरा, अनिकेत, संस्थेतली यंत्रं सांभाळतो. मी बॉटनीत एमएस्सी. ट्रकवर एक वर्षाचं कंत्राटी काम निघालं, मला मिळालं. नवी नवरी सासरी रुळते म्हणतात, मी ट्रकमध्ये रुळले.

ट्रकच्या प्रमुख वंदनाताई. मूळ नागपूरच्या, वीस वर्षं चंदीगडात, तरी नागपूर जिभेवर शाबूत. आणि ड्रायव्हर बलकारसिंग. ट्रक कोरा आला त्या दिवसापासून त्याच्या चाव्या त्यांच्याच खिशात. निवृत्तीला दोन वर्षं उरलेली.

केबिनमध्ये तिघांची बसायची जागा. उजवीकडे बलकारजी, खिडकीशी वंदनाताई आणि मधे मी. मी बोलते कमी. पहिला आठवडा असाच गेल्यावर बलकारजींनी अनिकेतला बाजूला घेऊन काळजीनं विचारलं, "सर जी, मैडम बोलती नहीं हैं, या आप बोलने नहीं देते?"

* * *

इकडे दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी विश्वकर्म्याची पूजा असते. त्या दिवशी कारागीर हत्याराला हात लावत नाही. आदल्या आठवड्यात मात्र हत्यार असं घासूनपुसून ठेवतो की बघत राहावं.

बलकारजींचं हत्यार म्हणजे अख्खी रानी. दरवर्षी ते तिला खालून रंगवतात. वरून नव्हे, खालून! जिथं कोणी बघत नाही तिथं. एकेक पट्टी सोडवायची, एकेक वॉशर काढायचा, दोन्ही बाजूंनी रंगवायचा, सुकवायचा, परत बसवायचा.

"नुसतं वरून ब्रश फिरवला तर नाही चालणार?" मी विचारलं. ते माझं त्यांच्याशी पहिलं पूर्ण वाक्य.

ट्रकखालून उत्तर आलं, "बेटा जी, आप शादी में सिर्फ़ मुँह धोके गए थे?"

या वर्षी अनिकेतनं त्यांना प्रयोगशाळेत उरलेला रंगाचा डबा दिला. फिकट हिरवा, घट्ट, वासानं डोकं धरणारा. यंत्रांच्या आत मारायचा म्हणे, नखानं खरवडला तरी निघत नाही. डब्याच्या तळाशी उरला त्यात आमचा चपलांचा रॅक रंगवून झाला. सासूबाईंनी व्हिडिओ कॉलवर रॅक पाहिला आणि म्हणाल्या, "दवाखान्यातून आणला का गं?"

* * *

पूजेनंतर दहाएक दिवसांनी रानी पहिल्यांदा रुसली. डेराबस्सीच्या पुढच्या एका गावातली शाळा. अर्धा वर्ग मायक्रोस्कोपपुढे रांगेत. पहिल्या मुलीनं डोळा लावला आणि दिवा गेला. पंखा गेला. टीव्हीवरचा अमिबा अर्ध्यात विरला. बलकारजींनी सेल्फ मारला तर एक 'टक्' आणि पुढे शांतता.

जुन्या डिझेल गाडीचं एक बरं असतं. ढकलून का होईना इंजिन सुरू झालं की ते विजेवाचून चालत राहतं. अख्खी आठवी, दोन मास्तर आणि वंदनाताई मागून लागल्या. रानी खोकली आणि सुरू झाली.

मुख्याध्यापिका हात झटकत म्हणाल्या, "हम तो सुनते थे विज्ञान देश को आगे ले जाता है."

वंदनाताईंना दम लागला होता, तरी त्यांनी सोडलं नाही. "ले जाता है जी. पहले थोड़ा देश को लगना पड़ता है."

* * *

मग अनिकेतनं वही केली. तो माणूस वहीशिवाय भाजीसुद्धा आणत नाही. पहिल्या पानावर 'संशयित क्रमांक एक : बॅटरी'.

बॅटरी नवी आली. चार दिवस ठणठणीत. पाचव्या दिवशी मोहालीत, संशोधन संस्थांनी भरलेल्या नॉलेज सिटीच्या चौकात, सिग्नलला, टक्. आजूबाजूच्या गाड्यांतून शास्त्रज्ञ उतरले. सहा जणांनी सहा कारणं सांगितली आणि सिग्नल हिरवा झाल्यावर सहाही निघून गेले. ढकलायला शेवटी एक कुल्फीवाला आला.

'संशयित क्रमांक दोन' म्हणजे बॅटरी भरणारा डायनामो. तो काढून संस्थेतल्या टेबलावर फिरवून पाहिला. उत्तम चालला. परत ट्रकला लावला, तर बॅटरी उपाशीच.

वंदनाताईंनी वहीत डोकावून पाहिलं. "अनिकेत, तुझ्या संशयितांपैकी एकाला तरी शिक्षा होणार आहे का बाप्पा? सगळे जामिनावर सुटून राहिले."

* * *

तोवर रानीच्या अंगात यायला लागलं होतं. ब्रेक दाबला की मागचा वळायचा दिवा मंद लुकलुके. वळायचा दिवा लावला की ब्रेकचा दिवा त्याच्या जोडीनं डोळे मिचकावी. हॉर्न वाजवला की नंबरप्लेटवरचा दिवा लाजल्यासारखा बारीक होई.

मला हे फार आवडायचं. सुट्टीच्या वेळी मी ट्रकमागे उभी राहायचे आणि बलकारजींना सांगायचे, आता ब्रेक, आता हॉर्न. कशानं काय पेटतं त्याचा तक्ता मी माझ्या स्लाइडच्या वहीत मागच्या पानावर केला होता. कोणी मागितला नाही, मीही दाखवला नाही.

चंदीगडचे ट्रॅफिक पोलीस म्हणजे थेट यमाच्या चित्रगुप्ताचे भाऊ. त्यांच्यातल्या एकानं आम्हाला कडेला घेतलं. "सरदारजी, ब्रेक मारते हो तो इंडिकेटर क्यों जलता है?"

बलकारजी नम्रपणे म्हणाले, "जनाब, ब्रेक वही मारता है जो मुड़ने की सोच रहा हो."

पोलिसानं चलनाचं पुस्तक मिटलं. मग म्हणाला, "जाओ. पर ठीक कराओ."

* * *

डिसेंबरच्या शेवटी पत्र आलं. जुन्या गाड्या तपासायला समिती येणार होती. जी गाडी भरवशाची नाही ती कंडम, म्हणजे भंगारात. रानीचं नाव यादीत पहिलं. तारीख जानेवारीतली, एका गुरुवारची.

ट्रक गेला तर माझं कंत्राट आणि ताईंचा कार्यक्रम दोन्ही जाणार, हे आम्हाला समजत होतं. पण बलकारजींचं पत्र वेगळं होतं. ट्रक कंडम झाल्यास त्यांची उरलेली नोकरी मुख्य दरवाजाच्या खोलीत. येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांचे नंबर रजिस्टरात लिहायचे.

त्यांनी ते पत्र घडी करून पगडीच्या कडेला खोचलं, गाडी काढली, आणि सेक्टर ३९ पासून झिरकपूरपर्यंत बोलले नाहीत. माझं न बोलणं ही रोजची गोष्ट, पण बलकारजींचं न बोलणं म्हणजे केबिनमध्ये चौथं माणूस येऊन बसल्यासारखं वाटलं.

झिरकपूरच्या पुलावर म्हणाले, "बेटा जी, पूरी उमर लोगों ने मेरी गाड़ी का नंबर लिखा है. अब मैं दूसरों का लिखूँ?"

वंदनाताईंनी खिडकीबाहेर पाहत नाक पुसलं. धुक्यामुळे, असं त्यांचं म्हणणं.

* * *

समितीच्या दोन दिवस आधी, मंगळवारी, आम्ही रानीला डेराबस्सीला हायवेवरच्या मास्टरजींकडे नेलं. मास्टरजी म्हणजे गाड्यांच्या वायरिंगचे म्हातारे कारागीर. त्यांची सगळी विद्या एका बल्बात. दोन वायरी जोडलेला साधा बल्ब घेऊन ते ट्रकभर हिंडतात आणि तो जिथं पेटत नाही तिथं थांबतात.

अनिकेतनं सुट्टी घेतली होती, हातात महागडा मीटर. मीटर म्हणाला करंट आहे. बल्ब म्हणाला नाममात्र आहे.

"मीटर झूठ नहीं बोलता," अनिकेत म्हणाला.

"सच भी पूरा नहीं बोलता," मास्टरजी म्हणाले. "मीटर सिर्फ़ पूछता है, रोटी है? बल्ब खाके देखता है."

मग त्यांनी स्वतःच्या मोठ्या बॅटरीच्या दोन जाड केबल आणल्या. एक आमच्या बॅटरीला लावली, दुसरी इंजिनाच्या अंगाला चिमट्यानं पकडवली. "मारो सेल्फ."

बलकारजींनी सेल्फ मारला. रानी अशी सुरू झाली जशी कालच कारखान्यातून आली. ब्रेक दाबला, ब्रेकचाच दिवा. हॉर्न खणखणीत. मास्टरजींनी बल्ब घेऊन तासभर शोधलं. दोष कुठेच नाही!

"डॉक्टर के सामने बुखार उतर जाता है," मास्टरजींनी हात पुसले. "चार दिन छोड़ जाओ."

चार दिवस आमच्याकडे नव्हते. केबल काढल्या. परत निघायला सेल्फ मारला, टक्. मास्टरजींच्या अख्ख्या दुकानानं आम्हाला ढकलून हायवेला लावलं.

* * *

परतीच्या वाटेवर केबिनमध्ये आम्ही चौघं. अनिकेत खिडकीशी दाराला चिकटून, वंदनाताई त्याच्या शेजारी, मी बलकारजींच्या बाजूला जवळजवळ गिअरवर. बाहेर धुकं, काचेच्या फटीतून वारा. अनिकेत वहीत सोळावा संशयित लिहीत होता.

मी सवयीनं हात डॅशबोर्डखाली नेला आणि मला एक गोष्ट आठवली. ती दुकानातच लक्षात आली होती, पण सांगण्याजोगी वाटली नव्हती.

"तिथं ही तार गरम झाली नाही," मी म्हणाले.

"कुठली तार?" अनिकेतनं विचारलं.

या जुन्या गाडीचं इंजिन किल्लीनं बंद होत नाही. डॅशबोर्डखाली एक मूठ असते, ती ओढायची. मुठीपासून पोलादी तार निघते आणि थेट इंजिनापर्यंत जाते. बार्शीत थंडी म्हणजे सकाळी सातपर्यंत शाल. चंदीगडच्या डिसेंबरात माझी बोटं माझी राहत नव्हती. एक दिवस आधार म्हणून ती तार धरली, तर छान उबदार. सेल्फ मारला की चांगलीच तापायची, गाडी चालू असली की कोमट राहायची. तेव्हापासून मी रोज मुकाट्यानं हात शेकत होते.

बलकारजींनी एका हातानं स्टिअरिंग धरून दुसऱ्यानं तार चाचपली आणि गाडी कडेला घेतली.

"कधीपासून?" अनिकेतचा आवाज चिरकला होता.

"महिना झाला असेल."

"महिनाभर तू बोलली नाहीस?"

"मला वाटलं," मी म्हणाले, "हीटर आहे."

* * *

वंदनाताई इतक्या हसल्या की अनिकेतला ओलांडून, दार उघडून खाली उतरल्या. बलकारजींनी मास्टरजींना फोन लावला, स्पीकरवर. तारेचं सांगितलं.

मग मास्टरजी म्हणाले, "किसने पकड़ा ये?"

"हमारी बेटी ने."

"उसको बोलो मेरी दुकान पे बैठे, मैं घर जाता हूँ. ओये, इंजन की अर्थिंग खोलो! आग लगनी थी किसी दिन."

मग अनिकेतनं मला समजावलं, आणि समजावता समजावता त्याला स्वतःलाच जास्त समजत गेलं. करंट बॅटरीतून निघतो तसा त्याला परत घरी यावं लागतं. परतीचा रस्ता म्हणजे इंजिनाला आणि बॅटरीला गाडीच्या सांगाड्याशी जोडणाऱ्या दोन पट्ट्या, एकाच बोल्टवर कसलेल्या. तोच रस्ता बंद होता. मग करंट बिचारा मिळेल त्या पायवाटेनं येत होता. इंजिनातून या तारेत, तारेतून केबिनमध्ये, तिथून एका बारक्या वायरीनं बॅटरीत. मास्टरजींनी त्यांची केबल थेट इंजिनाला लावली तेव्हा त्याला हायवे मिळाला, म्हणून तिथं दोष दिसलाच नाही.

"म्हणजे मी ज्याच्यावर हात शेकत होते तो वाट चुकलेला करंट होता?"

"हो."

मला थोडं वाईट वाटलं. इतके दिवस ओळख होती.

* * *

संस्थेत पोचल्यावर बलकारजी पाना घेऊन ट्रकखाली गेले. अनिकेत त्यांच्या मागे. मी टॉर्च धरून वाकले.

बोल्ट सुटला. पट्ट्या चकचकीत, वॉशर चकचकीत, सांगाडा चकचकीत. कुठे गंज नाही, कुठे मळ नाही. सगळं दोन्ही बाजूंनी नीट रंगवलेलं.

बलकारजींनी पॉलिश पेपर घासायला घेतला. वरचा थर निघता निघेना. त्याच्याखाली आधीच्या वर्षांचे थर निघाले, लाल, काळा, चंदेरी, पुन्हा लाल. ते सगळे साधे रंग, बोल्ट कसला की दबून फुटायचे आणि लोखंडाला लोखंड भिडायचं. वरचा मात्र फुटला नव्हता. तो फिकट हिरवा होता.

मी टॉर्च धरून अनिकेतकडे पाहिलं. अनिकेत ट्रकच्या तळाकडे बघत होता, जणू तिथं आकाश आहे.

"तो रंग," मी मराठीत, हळू आवाजात विचारलं, "यंत्रांच्या आत कशासाठी मारतात?"

त्यानं बोल्टवरचा हिरवा चुरा बोटानं झटकला. मग म्हणाला, "करंट जाऊ नये म्हणून."

बलकारजींना मराठी येत नाही. पण त्यांनी हिरव्या चुऱ्याकडे पाहिलं, अनिकेतच्या चेहऱ्याकडे पाहिलं, आणि पॉलिश पेपर त्याच्या हातात दिला. "लो सर जी. थोड़ा आप भी घिसो."

* * *

गुरुवारी समिती आली. तीन जण. अध्यक्ष म्हणजे उंच, बारीक गृहस्थ, मफलर कानांवरून आणि हात कोटाच्या खिशात. सूर्य आठवडाभर उगवलाच नव्हता. त्यांनी ट्रकभोवती एक फेरी मारली आणि कागद वाचला. "दो महीने बार-बार बंद पड़ती रही. अब कहते हो ठीक है. नुक्स क्या था?"

वंदनाताईंनी सांगितलं. अर्थिंगचा बोल्ट, त्यावर रंग.

"रंग किसने लगाया?"

अनिकेत एक पाऊल पुढे झाला. "सर, वो पेंट मैंने..."

"ब्रश मेरा था, साब," बलकारजी म्हणाले.

अध्यक्षांनी एकदा याच्याकडे, एकदा त्यांच्याकडे पाहिलं. पुढे काही विचारलं नाही. "चलो, चलाके दिखाओ."

ते खिडकीशी बसले, मी नेहमीच्या जागी मधे, बलकारजी स्टिअरिंगवर. बाकीचे बाहेर उभे. वंदनाताईंनी डोळे मिटले होते. अनिकेतच्या हातात वही नव्हती, त्यामुळे हातांचं काय करावं त्याला कळत नव्हतं.

बलकारजींनी किल्ली लावली. पगडीच्या कडेला ते पत्र अजून खोचलेलं होतं. सेल्फ मारला.

रानी पहिल्या झटक्यात सुरू झाली.

त्यांनी इंजिन बंद केलं. परत मारला. सुरू. असं पाच वेळा. पाचव्यांदा ते माझ्याकडे वळले. "बेटा जी?"

मी डॅशबोर्डखाली हात घालून तार धरली. "ठंडी है."

"ये क्या टेस्ट है?" अध्यक्षांनी विचारलं.

"असली वाला," बलकारजी म्हणाले आणि गाडी काढली.

संस्थेच्या आवारात तीन फेऱ्या झाल्या. ब्रेकला ब्रेकचा दिवा, वळणाला वळणाचा. मागून चालणारा समितीचा दुसरा सदस्य दर वेळी अंगठा दाखवत होता. प्रत्येक फेरीनंतर बलकारजी म्हणत, "बेटा जी?" आणि मी म्हणे, "ठंडी." इतकं बोलणं मी लग्नापासून सलग केलं नव्हतं.

अध्यक्षांनी फॉर्म डॅशबोर्डवर ठेवला. पेन धरायला हात खिशातून काढले, बोटं निळी पडली होती. 'चालू ठेवावी' असं लिहून खाली सही केली.

बलकारजींनी पगडीतलं पत्र काढलं, चार तुकडे केले आणि शर्टाच्या खिशात ठेवले.

अध्यक्ष तळवे एकमेकांवर चोळत होते. त्यांनी डॅशबोर्डवर इकडेतिकडे पाहिलं, एकदोन बटणं दाबून बघितली. "सरदारजी, इसमें हीटर नहीं है?"

बलकारजींनी माझ्याकडे तिरकं पाहिलं.

"था, साब," ते म्हणाले. "परसों ठीक कर दिया."